बोरसे बाईंचं फाटक

पांडेसऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेत मी रुजू व्हायला गेले, तेव्हा पहिला प्रश्न मुख्याध्यापकांनी विचारला नाही. तो फाटकातच झाला. एका ठेंगण्या, गव्हाळ बाईंनी हात आडवा करून मला थांबवलं. अंगावर इस्त्रीची सुती साडी, पायात मात्र पोरांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट.

"काय खादं व?"

मी लातूरकडची. नवऱ्याला इथल्या लूमवर फिटरची नोकरी लागली म्हणून सुरतेत आलेली. खानदेशी कानावर पडायची, पण असं तोंडावर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "जी?"

"सकाळी काय खाऊन आलात, विचारते मी."

"चहा घेतला."

"चहा खातात का तुमच्याकडं?" असं म्हणत त्यांनी पर्समधून मूठभर फुटाणे काढले, माझ्या तळहातावर ठेवले आणि मागच्या पोराकडे वळल्या. मला अस्सा राग आला! नवी साडी, हातात प्रमाणपत्रांची फाइल, आणि मी फाटकात उभी राहून फुटाणे चघळतेय. पण खाल्ले. भूक लागलीच होती.

या बोरसे बाई. अमळनेरकडच्या. आमच्या शाळेत निम्म्याहून जास्त पोरं खानदेशातली, त्यामुळे बाई निम्मं मराठी आणि निम्मं अहिराणी बोलत. मला त्या शेवटपर्यंत 'लातूरवाली' म्हणाल्या. वर्गात भूगोल आणि मराठी घेत. शिकवायला फार थोर होत्या असं काही मी म्हणणार नाही. एकदा फळ्यावर गुजरातचा नकाशा काढताना त्यांनी नर्मदा तापीच्या खाली काढली. पोरं तापीच्या काठावर वाढलेली, ती ओरडली. बाईंनी नकाशाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग तुम्ही नीट करा, मला काय विचारता?" आणि खडू पोरांच्या हातात देऊन खुर्चीत बसल्या. अक्षर कोंबडीचे पाय. पेपर तपासायला उशीर. गॅदरिंगमध्ये भाषण करायला उभं केलं की दोन वाक्यांत खाली.

पण फाटक त्यांचं. शाळा भरायच्या कितीतरी आधी त्या येऊन उभ्या राहत आणि प्रत्येक पोराला विचारत, काय खादं? नुसतं 'जेवलो' चालायचं नाही. भाजी कोणती, भाकरी की पोळी, गरम की रात्रीची, असं सगळं सांगावं लागे. मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, तुम्हाला काय करायचंय हो लोकांच्या भाज्यांशी?"

"अगं, 'जेवलो' म्हणून पोर पटकन खोटं बोलतं. भाजीचं नाव विचारलं की अडखळतं. अडखळलं की मी त्याचा हात धरते, बस."

हे मला तेव्हा थोतांड वाटलं. मग एक दिवस दोन भाऊ आले, चौथीतला आणि सहावीतला. धाकट्यानं सांगितलं खिचडी, थोरल्यानं सांगितलं वरणभात. "एका घरात दोन चुली कधीपासून रे?" बाईंनी दोघांना बाजूला घेतलं. पोरांची आई बाळंतपणाला दवाखान्यात, बाप कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये डबल पाळीला. घरात चूल पेटलेलीच नव्हती, आणि हे बाहेर कोणाला सांगायचं नाही असं बापानं बजावलं होतं. त्या दिवसापासून ती आई घरी येईपर्यंत दोघांचे डबे बाईंच्या घरून आले. मी त्यानंतर भाज्यांबद्दल चेष्टा करणं कमी केलं. बंद नाही केलं.

फाटकातून अध्यक्षही सुटत नसत. आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. साड्यांच्या पॅकिंगचं मोठं काम, माणूस भला पण बोलायला तिखट. एकदा मीटिंगला आले, तर फाटकातच, "आप्पा, काय खादं?" आप्पा बेसावध होते. म्हणाले, "फाफडा-जलेबी." बाईंनी तिथल्या तिथं फोन काढून आप्पांच्या बायकोला लावला. आप्पांना डायबेटिस. अख्ख्या मीटिंगभर आप्पांचा फोन वाजत होता आणि ते तो कट करत होते.

उलटं कोणी बाईंना विचारलं, "बाई, तुमचं काय?" तर उत्तर ठरलेलं: "माझं राहू दे." त्या एकट्या राहत. नवरा फार लवकर गेलेला, मूल नाही. मधल्या सुट्टीत त्यांचा डबा उघडा असायचा, पण त्यातून पोरांचेच हात आतबाहेर करायचे. त्या स्वतः काय खातात, खातात की नाही, हे मी सुद्धा कधी नीट पाहिलं नाही. सवयच झाली होती आम्हा सगळ्यांना, त्या विचारणार आणि आम्ही सांगणार.

आता त्या दिवसाचं सांगते.

आमच्याकडे खंडेनवमीची पूजा व्हायची. बाईंनीच सुरू केलेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोरांनी घरून ती वस्तू आणायची, जिच्यावर आपलं घर चालतं. मग हॉलमध्ये सतरंजीवर पाट मांडून, लाल कापड अंथरून सगळ्यांची मिळून पूजा. काय काय यायचं! लूमचा धोटा, शिंप्याची कातर, गवंड्याची करणी, इस्त्री, गोळेवाल्याचा बर्फ किसायचा रंधा. ज्यांच्या आया घरी बसून साड्यांवर खडे चिकटवतात, त्या पोरी गोंदाची बाटली आणायच्या. एरवी बापाचं काम सांगताना माना खाली घालणारी पोरं त्या दिवशी आपापली वस्तू मिरवत यायची. बाई प्रत्येक वस्तूला स्वतःच्या हातानं हळदकुंकू लावायच्या. मला ती पूजा फार आवडायची. माझी सोनू तेव्हा पाचवीत होती, तिनं बापाचा पाना आणला होता.

फुलं उशिरा आली म्हणून बाई त्या सकाळी फाटकावर नव्हत्या. हॉलमध्ये तोरण बांधत होत्या. फाटक नुसतंच उघडं होतं.

आठवीतली योगिता आली. शांत पोर, दोन वेण्या, कधी कुणाच्या अध्यातमध्यात नाही. तिच्या हातात ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं पाटासमोर बसून कापड उलगडलं. आत रिव्हॉल्वर. खरं. वर हळदकुंकू लावलेलं, झेंडूचं फूल ठेवलेलं.

योगिताचे वडील साहेबराव, फौजेतून निवृत्त झालेले, वराछातल्या एका हिऱ्याच्या शेठकडे अंगरक्षक होते. लायसन्सचं हत्यार होतं. बाईंनी सांगितलं होतं, घर ज्याच्यावर चालतं ते आणा, आणि पोरीनं शब्द न् शब्द पाळला होता. तिला त्यात वावगं काही दिसलंच नाही. दिसायचं कारणच नव्हतं. अख्खा हॉल पोरांनी भरलेला, आणि माझी सोनू त्या पाटापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसलेली.

बाईंनी पाहिलं. हातातलं तोरण खाली ठेवलं. आवाज जराही चढला नाही. "छान व योगिता. ठेव. हळू ठेव. त्याचं तोंड भिंतीकडे. हां. आता हात काढ आणि माझ्याकडे ये, माय." मग टाळी वाजवून बाकीच्यांना, "चला रे, आरती मैदानात! रांगेनं. वस्तू इथेच राहू द्या, कोणी काही उचलायचं नाही."

एक पोर म्हणालं, "बाई, देव तर इथं आहेत."

"देवाला उकडतंय. आधी तुम्ही चला, मग त्याला आणते." आणि माझ्याकडे वळून हळूच, "लातूरवाली, आरती लांबव. ऑफिसात सांग, साहेबरावला फोन लावा."

मी लांबवली. ज्या आरत्या येत होत्या त्या सगळ्या म्हटल्या, पुन्हा पहिल्यापासून म्हटल्या, मग काही सुचेना तर पाढे म्हणायला लावले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, कारण पूजेत पाढे कोणी ऐकले होते! सोनूचा हात मी इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "मम्मी, दुखतंय."

हॉलच्या दारात बाई उंबऱ्यावर बसून राहिल्या. पाठ आत, तोंड बाहेर, म्हणजे आत जाणारा त्यांना ओलांडूनच जाईल. शेजारी योगिता. मला मैदानातून दिसत होतं, बाई तिला काहीतरी विचारत होत्या. नंतर योगितानंच सांगितलं. विचारलं होतं, "काय खादं व?" ती म्हणाली, "काहीच नाही बाई, पूजेआधी खात नाहीत." बाईंनी नैवेद्याचा खोबऱ्याचा तुकडा तिच्या तोंडात घातला. म्हणाल्या, "तू काही चुकली नाहीस. कोणी काही बोललं तर माझं नाव सांग."

साहेबराव एका पायात चप्पल, एका पायात नाही, असा धावत आला. रात्रपाळी करून सकाळी घरी आला होता, रिवाजाप्रमाणे रिव्हॉल्वर पाटावर ठेवून पूजा केली होती आणि तिथंच झोपी गेला होता. त्यानं ते उचललं, बाजूला जाऊन उघडलं आणि गोळ्या काढून खिशात घातल्या. गोळ्या होत्या! पूजेला हत्यार रिकामं ठेवू नये, रिकामं भांडं कोणी देवापुढं ठेवतं का, अशी त्याच्या घरची समजूत. त्यानं मुद्दाम भरून ठेवलं होतं. फौजेत उभी हयात घालवलेला माणूस, पण एक गोळी त्याच्या हातून सुटली आणि घरंगळत पायरीखाली गेली. तो गुडघ्यावर बसून ती शोधत होता आणि रडत होता.

आप्पा आले आणि म्हणाले, प्रकरण इथंच मिटवा, शाळेची बदनामी नको. मुख्याध्यापकांनी मान हलवली. मला कबूल केलं पाहिजे की सोनू सुखरूप होती म्हटल्यावर मलाही तेच बरं वाटलं. बाई म्हणाल्या, "नाही. पोलिसांना कळवायचं. आज पाटावर होतं, उद्या उशीखाली असेल. घरात अजून लहान पोर आहे त्याच्या." आणि कळवलं. साहेबराव समोरच उभा होता.

पुढं जे व्हायचं ते झालं. हत्यार जमा झालं, लायसन्सचं घोंगडं भिजत पडलं, शेठनं नोकरीवरून काढलं. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर आगडोंब. परदेशातल्या शाळांमधल्या गोळीबाराच्या क्लिपा, रडणाऱ्या आया, कुठल्या कुठल्या जुन्या बातम्या. त्याच आठवड्यात आमच्या भागात एका पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, भांडणात कोणीतरी देशी कट्टा काढल्याची आवई उठली, त्यानं भर पडली. काहींनी पोरं घरी ठेवली. मी सुद्धा रात्री झोपेतून दचकून उठायची आणि सोनूचं पांघरूण चाचपायची.

योगिता शाळेत यायची बंद झाली. कळलं ते असं की साहेबराव तिला पारोळ्याकडे काकाच्या गावी धाडतोय. गावात आठवीच्या पुढं शाळा नाही. पुढं काय होतं हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. दोन वर्षांत मुंडावळ्या.

बाईंनी मला ओढत त्याच्या खोलीवर नेलं. योगिताची आई कोपऱ्यात साडीला खडे चिकटवत होती, मान वर केली नाही. दाराशी बांधलेलं गाठोडं होतं. साहेबराव उठून उभा राहिला.

"बाई, तुमी सांगं म्हनीसन पोर लई उनी," तो म्हणाला. तुम्ही सांगितलं म्हणून पोरीनं आणलं. "आनि पोलिसबी तुमीच बलाया."

मला वाटलं, आता बाई तोडून बोलतील. त्या खाली बसल्या. "दोन्ही खरं आहे, भाऊ. काय आणा ते मी सांगितलं, काय आणू नका ते सांगायचं सुचलं नाही. ही माझी चूक. पोलिसांना बोलावलं ती चूक नव्हती, पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलवीन. तुझी नोकरी त्यात गेली, त्याचं वाईट वाटतं मला. झोप लागत नाही." मग योगिताकडे वळून, "काय खादं व?"

योगिता आईकडे बघायला लागली. मग म्हणाली, "भाकर आणि मिरची."

"रविवारपर्यंत हिला हलवू नकोस," बाई साहेबरावला म्हणाल्या. "रविवारी पालकांची सभा आहे. तिथं ये."

"लोक मारतील मला."

"मी फाटकावर आहे. ये."

सभेला हॉल खच्चून भरला. त्याच हॉलमध्ये. आप्पांनी सुरुवात केली: कॅमेरे बसवू, मेटल डिटेक्टर आणू, रोज दप्तरं तपासू, फाटकावर बंदूकधारी गार्ड ठेवू. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्याची मला आजही लाज नाही, मशीन असावं असंच माझं मत आहे. एक बाई उठली, "पण बंदूक नको म्हणून पुन्हा बंदूकच आणायची का?" तिला लोकांनी खाली बसवलं. एकजण म्हणाला, आमची पोरं काय चोर आहेत का झडती घ्यायला? दुसरा म्हणाला, "जीव गेल्यावर मान-अपमान कुठं ठेवणार भाऊ?" दोघांचंही पटत होतं. मग मागून आवाज आला, "त्या पोरीचा दाखला काढून द्या आधी!" आणि त्यालाही टाळ्या पडल्या. साहेबराव दाराशी भिंतीला चिकटून उभा होता. योगिता त्याच्या मागं.

बोरसे बाई बोलायला उठल्या. भाषणात दोन वाक्यांत खाली बसणारी बाई. मी मनात म्हटलं, संपलं.

"फाटक त्या दिवशी रिकामं होतं," त्या म्हणाल्या. "रोज मी तिथं असते, त्या दिवशी तोरण बांधत होते. माझ्या हातून झालं. ही पूजा पण माझीच, ती आजपासून बंद." पूजेवर त्यांचा किती जीव होता, हे मला माहीत होतं. "मशीन आणा, आप्पा. कॅमेरे लावा. माझं काही म्हणणं नाही. पण ही पोर माझ्याकडं लपवून काही घेऊन आली नव्हती. माझ्यासमोर बसून तिनं ते उघडलं, कारण तिला माझी भीती नव्हती. तिला हाकललंत, तर उद्या ज्या पोराला काही दिसेल, कळेल, ते तुम्हाला येऊन सांगेल का? ते दाखल्याला भिऊन गप्प बसेल. आणि तुमचं मशीन फाटकावर आहे. पोराच्या मनातलं त्याला कसं ऐकू येणार?"

हॉलमध्ये कुजबूज.

"तुम्हाला गार्ड पाहिजे ना? पाहिजेच. मी किती दिवस पुरणार. हा घ्या गार्ड," आणि त्यांनी हात केला तो साहेबरावकडे.

काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! लोक उठून उभे राहिले. आप्पा म्हणाले, "बाई, डोकं ठिकाणावर आहे का? ज्याची बंदूक शाळेत आली त्यालाच फाटकावर?"

"दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आप्पा. या गावात त्याच्यापेक्षा जास्त फुंकून पिणारा मिळाला तर मला दाखवा. बंदूक नाही द्यायची त्याला. काठीसुद्धा नको. नुसता उभा राहील आणि पोरांना विचारील. मी शिकवते. तो चुकला तर त्याच्याबरोबर मीही जाते, राजीनामा आजच लिहून ठेवा."

आता खरं तर त्या वेळी कोणी उठलंच नसतं तर काय झालं असतं, देव जाणे. मला इतकंच आठवतं की मी उभी राहिले. ठरवून नाही. म्हणाले, "माझी पोर त्या पाटाजवळ बसली होती. आप्पा, मला तुमचं मशीन पाहिजे. आणि मला बाई पण पाहिजेत." एवढं बोलून खाली बसले. मग गोळेवाला उठला, मग खिचडीवाल्या दोन भावांची आई उठली. आप्पांनी बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली. शेवटी म्हणाले, "तीन महिने. बघू."

ते तीन महिने अजून चालूच आहेत.

मशीन आलं. हातात धरून फिरवायचं. ते स्टीलच्या डब्याला वाजायचं, कंपासपेटीला वाजायचं, पट्ट्याच्या बकलाला वाजायचं, आणि रांग पार रस्त्यावर जायची. पण ते अजून आहे, रोज फिरतं, आणि मला त्यानं बरं वाटतं. साहेबराव एका हातानं ते फिरवायचा आणि तोंडानं विचारायचा. सुरुवातीला कवायतीच्या आवाजात, "काय खादं!" लहान पोरं रडायचीच. बाई मागून ओरडायच्या, "अरे, हुकूम सोडू नकोस, विचार! वाकून विचार!" फौजी माणूस तो, कमरेत वाकायला त्याला बरेच दिवस लागले. पण शिकला. पुढं तर भाज्यांवरून पोरांशी वाद घालायला लागला. योगिता दहावी झाली, बारावी झाली, आता नर्सिंगला आहे.

आणि मधल्या काळात एका सकाळी सातवीतल्या एका पोरीनं त्याला भाजीचं नाव सांगता सांगता हेही सांगितलं, की दादाच्या मित्रानं मोठा चाकू सोसायटीच्या जिन्याखाली लपवलाय आणि उद्या शाळा सुटताना कोणाला तरी मारणार आहेत. तिनं ते आईला सांगितलं नव्हतं. साहेबरावनं तिचा हात धरला, बाईंना बोलावलं, आणि दुपारच्या आत चाकू पोलिसांकडे होता. ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही, कारण काही घडलंच नाही. माझी सोनू दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी घरी आली, पोहे खाल्ले आणि टीव्ही लावला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. बाईंचे उपकार फेडायचे म्हटलं तर कुठून सुरुवात करायची, मला कळत नाही.

बाई निवृत्त झाल्या. मी अधूनमधून जायची त्यांच्याकडे. नंतर पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरनं काय सांगितलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. विचारलं की, "माझं राहू दे. सोनू काय खाते आजकाल?"

मागच्या दसऱ्याच्या आधी त्या शाळेत आल्या. खंडेनवमीलाच. पूजा तर बंद आहे, तरी पाय वळले असतील. रिक्षातून उतरल्या तेव्हा मी व्हरांड्यात होते आणि क्षणभर ओळखल्याच नाहीत, इतक्या वाळल्या होत्या. पांढरे बूट तेवढे तेच, पण पायाला मोठे झालेले. पोरं आत येत होती, साहेबराव वाकून विचारत होता. बाई रांगेत उभ्या राहिल्या. पोरांच्या मागं, आपला नंबर येईपर्यंत.

नंबर आला. साहेबरावनं मान वर केली, त्यांना पाहिलं. मला वाटलं, आता पाया पडेल, खुर्ची आणायला धावेल. त्यानं तसलं काही केलं नाही. मशीन बाजूला ठेवलं, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकला आणि प्रत्येक पोराला विचारतो तसंच विचारलं.

"काय खादं, बाई?"

मी वाट बघत होते, आता म्हणतील, माझं राहू दे. इतकी वर्षं त्या फाटकात उभं राहून त्यांनी अख्ख्या पांडेसऱ्याला विचारलं होतं, आणि फाटकात वाकून त्यांना विचारणारा पहिला माणूस हा.

"भाकरीचे दोन घास खाल्ले रे," त्या अगदी लहान आवाजात म्हणाल्या. "दूध घेतलं होतं, ते उलटलं. जात नाही काही."

साहेबरावनं त्यांचा हात धरला. कितीतरी वेळ सोडला नाही. मागच्या पोरांपैकी एकानंही ढकललं नाही. मग त्यानं खिशातून फुटाण्यांची पुडी काढली, चार दाणे निवडले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले.

"हळू खा," तो म्हणाला. "घाई नही."

बाईंनी एक दाणा तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिल्या, आणि मग शाळेत न येताच वळल्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली होती.